नवी बॅटरी टाकली तरी सोलर बँक पुन्हा बसते? आधी तारा मोजा

दुपारी दोनला कंट्रोलरवर, म्हणजे पॅनेलमधून बॅटरीत जाणारं चार्जिंग सांभाळणाऱ्या पेटीवर, १४.४ व्होल्ट दिसतात, बॅटरी भरल्याचा हिरवा दिवा लागलेला असतो. रात्री नऊला इन्व्हर्टर ओरडायला लागतो. बॅटरी म्हातारी झाली असं ठरतं, नवी येते, तीन-चार महिने सगळं झकास चालतं आणि मग येरे माझ्या मागल्या.

माझं असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा बॅटरी बदलायला निघालो होतो, पण त्याआधी मल्टिमीटर घेऊन एक सकाळ तारांवर घालवली. बॅटऱ्यांचा दोष नंतरचा निघाला. त्यांना मारणारं भलतंच काही होतं, आणि ते एक नव्हे, तीन ठिकाणी लपलं होतं. या तीन जागा एकसारख्याच वाटतात, पण प्रत्येकीची खूण वेगळी असते. ती ओळखली की बॅटरी, कंट्रोलर, पॅनेल असं सगळंच बदलत बसावं लागत नाही.

माझी जोडणी अशी होती: १०० वॅटची चार पॅनेल, प्रत्येकी ३६ सेलची, म्हणजे कामाचं व्होल्टेज १८ आणि करंट साडेपाच अँपिअर. चारही पॅरलल. छपरापासून कंट्रोलरपर्यंत दहा मीटर, चार स्क्वेअर एमएमची केबल. कंट्रोलर साधा पीडब्ल्यूएम, म्हणजे करंट चालू-बंद करून चार्जिंग आवरणारा. तिथून तीन मीटरवर १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तासाच्या तीन लेड-अॅसिड बॅटऱ्या, त्याही पॅरलल. या तिन्ही मिळून माझी बँक. मधल्या तारा सहा स्क्वेअर एमएमच्या. घरोघरी दिसते तशीच, बघणाऱ्याला काही चुकलंय असं न वाटणारी.

पहिली खूण: कंट्रोलर १४.४ म्हणतो, बॅटरी म्हणत नाही

कंट्रोलरला बॅटरी दिसत नसते. त्याला दिसतं ते त्याच्या स्वतःच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज. काही महागड्या कंट्रोलरना बॅटरीचं व्होल्टेज वाचायला वेगळी बारीक तार असते, पण बहुतेकांना नसते. चार्जिंग चालू असताना कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यामधल्या तारेत, एमसीबीत, प्रत्येक जोडात थोडं थोडं व्होल्टेज खर्ची पडतं. कंट्रोलर आपल्या दारात १४.४ मोजतो आणि काम झालं असं समजून करंट कमी करू लागतो. बॅटरीच्या पोलवर तेव्हा १३.७ असतात. लेड-अॅसिडला १३.७ म्हणजे फ्लोट, भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यापुरतं. त्याने रिकामी बॅटरी वेळेत भरत नाही.

करंट घटत गेला की तारेतलं नुकसानही घटतं, त्यामुळे सावकाश का होईना बॅटरी भरेल, हे खरं आहे. पण कंट्रोलरमध्ये या टप्प्याला बहुधा दोनेक तासांची मर्यादा असते, आणि नसली तरी सूर्य आपल्यासाठी थांबत नाही. रोज दहा-पंधरा टक्के भरायचे राहतात. प्लेटांवर सल्फेट बसून टणक होत जातं, आणि सहा महिन्यांनी शंभरची बॅटरी साठची होते.

हे मोजायचं कसं, ते जरा नीट सांगतो, कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते.

मोजमाप करंट वाहत असतानाच करायचं. करंट शून्य असला की कुजलेला जोडही निर्दोष दिसतो. आदल्या रात्री लोड जरा जास्त चालवून बँक अर्धवट उतरवा आणि सकाळी दहा-अकराच्या सुमारास, करंट भरपूर असताना मोजायला बसा. पीडब्ल्यूएम कंट्रोलर एकदा करंट तोडून तोडून द्यायला लागला की मीटरवरचे आकडे नाचतात, म्हणून त्याआधीच आटपा.

मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक कंट्रोलरच्या बॅटरी-पॉझिटिव्ह स्क्रूवर, दुसरं थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवर. थिंबलवर (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कड्यावर) नाही, नटावर नाही, शिशाच्या पोलवर. मीटरवर जो आकडा येईल ते पॉझिटिव्ह बाजूचं एकूण नुकसान. तसंच निगेटिव्ह बाजूला. दोन्हींची बेरीज १२ व्होल्टच्या बँकेला ०.१५ व्होल्टच्या आत असली तर मी निश्चिंत असतो. ०.३ च्या वर गेली की शोध सुरू.

माझ्याकडे थंडीतली सकाळ होती, अकरा वाजले होते, टाँग टेस्टरवर (तारेभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या मीटरवर) २० अँपिअर. कंट्रोलरवर १४.४०, पहिल्या बॅटरीच्या पोलवर १३.७०. तब्बल ०.७ व्होल्ट गायब.

आता हे सात दशांश गेले कुठे? तारेचा वाटा कागदावर काढता येतो. तांब्याच्या तारेसाठी जाण्या-येण्याची मिळून मीटरमधली लांबी घ्या, तिला ०.०१७२ ने गुणा, तारेच्या स्क्वेअर एमएमने भागा. आला तो रोध, ओहममध्ये. त्याला करंटने गुणलं की व्होल्ट मिळतात. तीन मीटर जाऊन तीन मीटर येणं म्हणजे सहा मीटर, सहा स्क्वेअर एमएम, २० अँपिअर: ०.३४ व्होल्ट. म्हणजे निम्मा चोर माझी स्वतःचीच तार. ती बसवताना "सहाची तार ३० अँपिअर सहज ओढते" असं कुणीतरी म्हणालं होतं आणि ते खोटं नव्हतं. तार तापून जळणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. व्होल्टेज किती खाईल याच्याशी त्याचा संबंध नाही.

उरलेले ०.३६ तारेचे नव्हते. मग मीटरची टोकं जवळजवळ आणत गेलो. एमसीबीच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या स्क्रूंमध्ये ०.०५. चालेल. पॉझिटिव्ह पोल आणि त्यावरचं थिंबल यांमध्ये जवळजवळ शून्य. आणि थिंबल ते त्याच थिंबलात शिरलेली तार, जेमतेम दोन सेंटिमीटरचं अंतर, तिथे ०.३१.

बोट लावलं तर चटका बसला. साहजिक आहे, २० अँपिअर आणि ०.३१ व्होल्ट म्हणजे सहा वॅट, तेही बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात. निळी स्लीव्ह मागे सरकवली तर ती आतून तपकिरी पडलेली. थिंबल पकडीने चेपलं होतं, क्रिंपिंग टूलने नाही. तारेचे अर्धे धागे सैल, त्यांच्यावर हिरवट पावडर, आणि ओढल्यावर अख्खी तार अलगद हातात. वर्षभर माझी बँक त्या चार-दोन धाग्यांवर चालली होती.

इथे एक सूचना. डोळ्यांनी बघून जोड चांगला की वाईट हे ठरवू नका. ज्या पोलवर पांढरी बुरशी चढली होती तो मोजल्यावर ठीक निघाला, आणि जो स्लीव्ह घालून टापटीप दिसत होता तो सडका. निर्णय मीटरने करायचा.

दुरुस्ती सरळ आहे. थिंबल तारेच्या मापाचं घ्यायचं, हायड्रॉलिक किंवा लांब दांड्याच्या क्रिंपिंग टूलने दाबायचं, दाबल्यावर जोर लावून ओढून बघायचं. पोल आणि थिंबल पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायचे, आधी घट्ट आवळायचं आणि मग वरून पेट्रोलियम जेली. जेली आत भरून मग आवळणारे लोक आहेत. शिसं आणि तांबं एकमेकांना थेट भिडलं पाहिजे, ही साधी गोष्ट ते विसरतात. कंट्रोलरच्या स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला डाग (सोल्डर) देऊ नका. दाबाखाली डागाचं शिसं हळूहळू दबतं आणि जोड सैल होतो. त्या जागी तारेच्या टोकाला नळीसारखा फेरूल दाबून बसवावा, आणि आठवडाभराने स्क्रू पुन्हा एकदा आवळावा.

तार बदलताना ती खरंच तांब्याची आहे ना, हे पाहून घ्या. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या तारा 'बॅटरी केबल' म्हणून सर्रास मिळतात. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. एक धागा ब्लेडने खरवडला की आत पांढरं दिसतं. कल्हई केलेलं तांबं याच्या उलट, बाहेरून पांढरं आणि आतून लाल. ते उत्तम.

आणखी एक गोष्ट, जी फुकटात होते: कंट्रोलर उचलून बॅटरीजवळ आणायचा. पुष्कळ जण तो पॅनेलजवळ, जिन्याच्या माथ्यावर लावतात, आणि लांब पल्ला बॅटरीच्या बाजूला येतो. लांब तार असलीच तर ती पॅनेलच्या बाजूला असू द्या. मी तो बॅटऱ्यांपासून मीटरभरावर आणला, आणि १६ स्क्वेअर एमएमची तार टाकली. मात्र बॅटरीच्या थेट डोक्यावर किंवा तिच्याच बंद पेटीत कंट्रोलर नको. चार्ज होताना लेड-अॅसिडमधून हायड्रोजन आणि आम्लाचे बारीक तुषार निघतात. कंट्रोलर त्याने गंजतो आणि ठिणगी पडली तर स्फोटही होऊ शकतो.

दुसरी खूण: भर उन्हात कंट्रोलरच १४.४ पर्यंत पोचत नाही

थंडी मजेत गेली. उन्हाळा आला आणि पुन्हा तीच रड. पण या वेळी चित्र वेगळं होतं. कंट्रोलर आणि बॅटरी यांचे आकडे जुळत होते, फरक अगदी मामुली. दोघंही दुपारी १३.७ वर अडकून बसायचे. सकाळी दहाला करंट चांगला, बाराला ऊन कडक आणि करंट उलट कमी! बघणारा म्हणतो पॅनेल खराब झालं. झालं काहीच नव्हतं. पॅनेल फक्त तापलं होतं.

पॅनेलच्या मागच्या लेबलवर लिहिलेले १८ व्होल्ट सेलचं तापमान २५ अंश धरून असतात. उन्हाळ्यात दुपारी सेल ६० अंशांवर सहज जातो. कामाचं व्होल्टेज दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने उतरतं. ३५ अंशांचे झाले १४ टक्के, म्हणजे १८ चे उरले साडेपंधरा. आता दहा मीटर जाऊन दहा मीटर येणारी चार स्क्वेअर एमएमची केबल घ्या. रोध ०.०८६ ओहम, २० अँपिअरला १.७ व्होल्ट खर्च. साडेपंधरातून ते वजा करा. उरतात १३.८. त्यातून बॅटरीला १४.४ कुठून मिळणार?

छपरावर चढून पडताळलं. जंक्शन बॉक्समध्ये १५.५, खाली कंट्रोलरच्या पॅनेल-टर्मिनलवर १३.८. हिशेब जसाच्या तसा उतरला, याचा आनंद आणि वैताग दोन्ही एकदम झालं.

पीडब्ल्यूएमच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी वेळा बोलली जाते. पॅनेलकडे व्होल्टेजची शिल्लक असेपर्यंत पॅनेलच्या केबलमधलं नुकसान जाणवतच नाही. कारण पॅनेल साधारण तेवढाच करंट ढकलत राहतं आणि वरचं व्होल्टेज एरवी वायाच जायचं असतं. म्हणून थंडीत, सकाळी, ढगाळ दिवशी बारीक केबलही छान चालते. शिल्लक संपली की मात्र करंट घसरगुंडीवरून खाली येतो. "कधी चालतं, कधी चालत नाही" या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा हेच असतं.

तोडगे दोन. पहिला, जाड केबल. चारऐवजी १६ स्क्वेअर एमएम टाकली तर नुकसान पाव, म्हणजे ०.४३ व्होल्ट. मधलं अंतर कमी असेल तर हेच करा. दुसरा, व्होल्टेज वाढवून करंट घटवायचा. पॅनेल सिरीजमध्ये घ्यायची आणि एमपीपीटी कंट्रोलर लावायचा, म्हणजे वरचं व्होल्टेज वाया न घालवता त्याचा करंट करून बॅटरीला देणारा.

तारेतले वॅट करंटच्या वर्गाने वाढतात, त्यामुळे इथे फायदा डोळ्यांत भरतो. चारही पॅनेल पॅरलल असताना २२ अँपिअरला त्याच केबलमध्ये सुमारे ४२ वॅट उडतात, ४०० वॅटांतले. दोन-दोन सिरीज करून त्या दोन जोड्या पॅरलल केल्या की ११ अँपिअर, आणि नुकसान १० वॅट. चारही सिरीज केली तर साडेपाच अँपिअर, नुकसान तीन वॅटसुद्धा नाही.

मग चारही सिरीज का नको? माझ्या कंट्रोलरची मर्यादा १०० व्होल्ट आहे. या पॅनेलचं उघडं व्होल्टेज, म्हणजे काहीही न जोडता येणारं, प्रत्येकी २२. चारचे ८८, कागदावर बसतात. पण पॅनेल तापल्यावर व्होल्टेज जसं उतरतं तसंच गारठल्यावर चढतं, उघडं व्होल्टेज अंशाला साधारण ०.३ टक्के. शून्य अंशाला ८८ चे जवळपास ९५ होतात, आणि उणे दहाला ९७. ही मर्यादा ओलांडली तर कंट्रोलर तत्काळ मरतो, दुरुस्तीला वाव ठेवत नाही. शिवाय साठ व्होल्टच्या वरचा डीसी अंगावर घेण्यासारखा नाही. सावलीचाही प्रश्न असतो. माझ्या एका पॅनेलवर सकाळी झाडाची सावली पडते, तेव्हा दोन जोड्या वेगवेगळ्या असल्या तर निदान एक जोडी पूर्ण चालते. मी दोन-दोनची जोडणी निवडली. तुमची केबल तीस मीटर असेल तर तुमचं उत्तर वेगळं येईल.

फक्त पॅनेल सिरीज करून पीडब्ल्यूएम तसाच ठेवू नका. पीडब्ल्यूएम म्हणजे जवळजवळ एक चालू-बंद होणारं बटण. तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो आणि वरचं सगळं वाया जातं. ६० सेलचं २५० वॅटचं पॅनेल, ३० व्होल्ट आणि ८.३ अँपिअरचं, १२ व्होल्टच्या बँकेला पीडब्ल्यूएममधून जोडलं तर ८.३ गुणिले साडेतेरा, म्हणजे ११२ वॅट हातात येतात. मोठं पॅनेल घेतलं आणि काहीच फरक पडला नाही, असं जे सांगतात त्यांच्याकडे दहातल्या नऊ वेळा हेच निघतं.

एमपीपीटी लावल्यावर लोक एक गोष्ट विसरतात, मीही विसरणार होतो. पॅनेलच्या बाजूचा करंट निम्मा झाला, पण बॅटरीच्या बाजूचा वाढला. ४०० वॅट भागिले साडेतेरा म्हणजे ३० अँपिअरच्या घरात, आधी २० होते. पहिल्या खुणेतली बॅटरीची तार जाड केलेली नसेल तर आता ती आणखी जास्त खाणार.

जोडताना क्रम पाळा: आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट. बरेच कंट्रोलर बँक १२ ची की २४ ची हे बॅटरी जोडल्या क्षणी ओळखतात. आधी पॅनेल जोडलं तर चुकीचं समजून बसतात, काही जळतातही. पॅनेलच्या तारांचे एमसी-फोर कनेक्टर ऊन असताना, करंट चालू असताना ओढून काढू नका. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. पॅनेलवर जाड कापड टाका किंवा आधी डीसी एमसीबी पाडा. आणि तो एमसीबी डीसीचाच हवा. घरातला एसीचा तिथे बसवला तर ऐन वेळी आतल्या आत जळत राहतो.

तिसरी खूण: तीनपैकी एकच बॅटरी दर वेळी मरते

आता मूळ दुखणं. दोन्ही वेळा मी जी बॅटरी बदलली, ती एकाच जागेवरची होती. कंट्रोलर आणि इन्व्हर्टरच्या तारा जिच्यावर येतात ती, पहिली. तेव्हा वाटलं, नशीब. नशिबाचा इथे काही संबंध नाही.

पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही तारा पहिल्याच बॅटरीवर घेतल्या आणि पुढच्या दोन जंपरने, म्हणजे बॅटरी ते बॅटरी जाणाऱ्या छोट्या तारांनी, जोडल्या, तर पहिल्या बॅटरीचा रस्ता सगळ्यात छोटा असतो. तिसरीच्या वाटेत चार जंपर आणि त्यांचे आठ जोड येतात. बॅटरीचा अंतर्गत रोध पाच मिलिओहम आणि प्रत्येक जंपर जोडांसकट एक मिलिओहम धरून हिशेब मांडला तर पहिली जवळजवळ ५० टक्के करंट उचलते, दुसरी २९ आणि तिसरी २१. इन्व्हर्टरवर ८०० वॅटचा लोड असेल तर बँकेतून ७० अँपिअरच्या वर ओढले जातात, त्यातले ३५ एकट्या पहिलीवर. तिसरी आपली पंधरावर निवांत.

हे आकडे लोड टाकला त्या क्षणाचे. पहिली उतरली की तिचं व्होल्टेज खाली येतं आणि बाकीच्या पुढे सरसावतात, त्यामुळे काही वेळाने वाटणी थोडी सावरते. चार्जिंगला करंट कमी असल्याने तिथे एवढा फरक पडत नाही. पण रोज रात्री पहिला आणि सगळ्यात जोरदार फटका तीच खाते. नवी टाकली की नवीही तोच फटका खाते. बॅटरी बदलून जागेचा दोष जात नाही.

तुमच्याकडे हेच होतंय का, हे पाच मिनिटांत कळतं. मोठा लोड चालू करा आणि टाँग टेस्टर प्रत्येक बॅटरीच्या स्वतःच्या वाट्याच्या तारेवर लावा. जंपरमधून पुढच्यांचाही करंट जातो, म्हणून वजाबाकी करावी लागेल. डीसी करंट मोजणारा टाँग टेस्टर हवा, नुसता एसीचा शून्य दाखवेल.

दुरुस्तीला एक तारही विकत घ्यावी लागत नाही, जुनी पुरेशी लांब असेल तर. पॉझिटिव्ह तार पहिल्या बॅटरीवरच ठेवा, निगेटिव्ह उचलून शेवटच्या बॅटरीवर न्या. तिरकी जोडणी. त्याच आकड्यांनी वाटणी होते ३५, २९, ३५. मधलीला किंचित कमी, पण पन्नास-एकवीसच्या मानाने हे समाधान पुष्कळ आहे. बॅटऱ्या चार किंवा जास्त असतील तर तिरक्या जोडणीवर थांबू नका. दोन तांब्याचे बसबार, म्हणजे जाड पट्ट्या, लावा आणि प्रत्येक बॅटरीपासून अगदी एकाच लांबीच्या तारा आणा. जवळच्या बॅटरीची तार जास्त लांब वाटली तरी कापायची नाही, गुंडाळून ठेवायची. हा नियम पाळताना हात शिवशिवतात, पण पाळा. प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर स्वतंत्र फ्यूजही त्याच वेळी बसवून टाका.

बँक २४ व्होल्टची, म्हणजे दोन सिरीजमध्ये असेल तर करंट दोन्हींतून एकच जातो, ही भानगड नाही. तिथे दुसरी आहे. चार्जिंग शेवटाला आलं असताना दोन्हींचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. एकीवर १५.३ आणि दुसरीवर १३.५ असेल तर कंट्रोलरला बेरीज २८.८ दिसते आणि तो खूश असतो. एक बॅटरी उकळते, दुसरी उपाशी. बऱ्याच वेळा कारण एवढंच की कुणीतरी १२ व्होल्टचा दिवा किंवा पंखा खालच्या एका बॅटरीवरून काढलेला असतो. तो तिथून काढा आणि २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

हे सगळं करून तरी बँक बसत असेल तर उरलेल्या गोष्टी पटकन बघून घ्या. कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार चुकीचा निवडलेला असतो. पाण्याच्या बॅटरीला सीलबंदची सेटिंग दिली तर ती कायम थोडी अर्धपोटी राहते. तापमानाचा सेन्सर बॅटरीवर चिकटवण्याऐवजी उन्हात लोंबकळत असतो, मग कंट्रोलर बॅटरी तापली समजून व्होल्टेज उतरवतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे २० ते ३० मिलिव्होल्ट, म्हणजे १५ अंशांच्या गैरसमजात ०.३ ते ०.४५ व्होल्ट गेले. जुन्या बॅटरीला नवी जोडलेली असते. आणि कधी कधी पाणीच आटलेलं असतं. हसू नका, झालंय.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या वापरणाऱ्यांसाठी एवढंच: त्यांचा अंतर्गत रोध फारच कमी असतो, त्यामुळे वाटणीत तारेचा आणि जोडाचा वाटा आणखी मोठा होतो. तिरकी जोडणी किंवा बसबार तिथे ऐच्छिक समजू नका. पॅरलल करण्याआधी प्रत्येक बॅटरी वेगवेगळी पूर्ण भरून व्होल्टेज जुळवा, नाहीतर पहिला नट लावतानाच एकीकडून दुसरीकडे मोठा करंट धावतो. आणि शून्य अंशाखाली त्यांना चार्ज करायचं नाही.

काम करताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्ह्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि निगेटिव्ह आधी सोडवा. शंभर अँपिअर-तासाची बॅटरी पान्ह्याने शॉर्ट झाली तर पान्हा लाल होतो, आणि तो हातात असतो.

माझं शेवटी काय झालं? तारा, थिंबल, एमपीपीटी, तिरकी जोडणी, सगळं झाल्यावर कडक उन्हात कंट्रोलरवर १४.४० आणि पोलवर १४.३१. मग इक्वलायझेशन चार्ज (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून मुद्दाम जरा जास्त व्होल्टेजने दिलेला) देऊन तिन्ही बॅटऱ्यांचा प्रत्येक सेल हायड्रोमीटरने, म्हणजे आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने, तपासला. दुसरी आणि तिसरी लेबलवरच्या आकड्याच्या जवळ आल्या, १.२३५ ते १.२४५. पहिलीचे पाच सेल १.२०० च्या आसपास आणि एक १.१३० वर रुतून बसलेला. दुसऱ्यांदा चार्ज दिला, तिसऱ्यांदा दिला, तो सेल हलला नाही. एक मेलेला सेल असलेली बॅटरी पॅरलल बँकेत ठेवली तर रात्रभर बाकीच्यांचं रक्त शोषते, म्हणून ती काढून टाकली.

तिच्या जागी नवी घेतली नाही. दोन जुन्यांच्या बरोबर एक कोरी बसवली असती तर पुन्हा वाटणी बिघडली असती. आता दोनच बॅटऱ्या आहेत, चार्जिंग करंट कंट्रोलरमध्ये २५ अँपिअरवर बांधून ठेवला आहे. दोनच असल्या की तिरक्या जोडणीत दोघींचा रस्ता अगदी सारखा येतो. परवा ७० अँपिअरचा लोड टाकून मोजलं: एकीतून ३६, दुसरीतून ३४. इन्व्हर्टर रात्री नऊला ओरडत नाही, साडेदहापर्यंत चालतो. पूर्वी तीन बॅटऱ्यांवर तेवढाही चालत नव्हता.